२७८, २९९, ३२३ : पंचांगातील तीन आकडे आणि जीपचा शाफ्ट

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. त्या चढून वर आले की डाव्या-उजव्या गल्ल्यांत अजूनही मराठी ऐकू येते. शेजारचे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधवून घेणारे नारायण दीक्षित पाटणकर मराठी. आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले. घाटावरचा दगडी सहस्रदीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावे सांगितला जातो. या वस्तीतल्या एका जुन्या घरी मी गेल्या कार्तिकात चार दिवस राहिले. घरातले काका व्यवसायाने निवृत्त शिक्षक, परंतु त्यांच्या आजोबांपर्यंत घरात पंचांगाचे गणित होते. मी भौतिकीत काम करते हे कळल्यावर त्यांनी परीक्षा घ्यावी तसा प्रश्न टाकला, “लंकोदय येतात का तुला?” मला येत नव्हते. त्यांनी ते पाढ्यासारखे म्हणून दाखवले : दोनशे अठ्ठ्याहत्तर, दोनशे नव्याण्णव, तीनशे तेवीस.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मित्राचे रोज फोन येत होते. त्याने आपली जुनी, आखूड बांध्याची जीप सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांसाठी चार इंच उंच करून घेतली होती, आणि तेव्हापासून ताशी पन्नासच्या पुढे गाडी अशी थरथरत होती की आरशात मागचे काही दिसेना. चाकांचे बॅलन्सिंग झाले, मागचा प्रोपेलर शाफ्ट दोनदा लेथवर चढला, क्रॉस बदलले. पैसे गेले, थरथर राहिली. काकांचे आकडे आणि मित्राचा शाफ्ट ही दोन प्रकरणे एकच आहेत हे मला घाटावर बसून कागदावर आकडेमोड करेपर्यंत कळले नाही. तो कागद हा या लेखाचा विषय.

प्रथम आकडे. लंकोदय म्हणजे विषुववृत्तावरील ठिकाणी एकेक राशी क्षितिजावर उगवण्यास लागणारा वेळ, पळांमध्ये. अहोरात्राची ६० घटिका म्हणजे ३६०० पळे, आणि तेवढ्या वेळात आकाश ३६० अंश फिरते. अर्थात दहा पळे म्हणजे एक अंश. प्रत्येक राशी क्रांतिवृत्तावर बरोबर ३० अंशांची आहे. मग मेष उगवायला २७८ पळे, वृषभाला २९९ आणि मिथुनाला ३२३, असा फरक का? कारण राशी मोजल्या जातात क्रांतिवृत्तावर आणि काळ मोजला जातो विषुववृत्तावर, आणि ही दोन वर्तुळे एकमेकांशी कललेली आहेत. सिद्धान्तकारांनी हा कल २४ अंश मानला. कललेल्या वर्तुळावरचे समान तुकडे दुसऱ्या वर्तुळावर उतरवले की ते समान राहत नाहीत : २७.८, २९.९ आणि ३२.३ अंश होतात. तिघांची बेरीज मात्र नेमकी ९०. पुढे कर्क ३२३, सिंह २९९, कन्या २७८, आणि तुळेपासून तोच क्रम पुन्हा. म्हणजे अर्ध्या फेरीत संथ, जलद, संथ. पूर्ण फेरीत हा चढउतार दोनदा. ही ‘दोनदा’ वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हे तीन आकडे ‘ग्रहलाघवा’तले आहेत. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो ग्रंथ १५२० मध्ये रचला आणि त्यातून ज्या-कोज्यांचे त्रिकोणमितीय कोष्टक सरसकट काढून टाकले, जेणेकरून गावोगावच्या जोश्यांना साध्या गुणाकार-भागाकाराने पंचांग करता यावे. कोकणातल्या त्या किनाऱ्यावरचे पुस्तक पुढे अर्ध्या हिंदुस्थानात चालले. परंतु आकडे त्याहून पुष्कळ जुने. सूर्यसिद्धान्तात ते असूंमध्ये, म्हणजे पळाच्या सहाव्या हिश्श्यात, दिले आहेत : १६७०, १७९५, १९३५. सहाने भागून पाहा. आज आपण हेच सूत्रात लिहितो : विषुववृत्तावरील कोनाची स्पर्शज्या म्हणजे क्रांतिवृत्तावरील कोनाची स्पर्शज्या गुणिले कलाची कोज्या. शाळेच्या भाषेत टॅन आणि कॉस. ३० अंशांसाठी करून पाहिले तर २७.८१ येतात, हजारांवर वर्षांच्या परंपरेत टिकलेला आकडा दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत बिनचूक आहे.

या फरकाचा परिणाम सूर्याच्या घड्याळावरही होतो. सूर्य क्रांतिवृत्तावर समान गतीने चालला असता तरीही मध्यान्ह रोज नेमकी चोवीस तासांनी आली नसती. केवळ कलामुळे ती वर्षात दोनदा सुमारे दहा मिनिटे पुढे आणि दोनदा तेवढीच मागे सरकते. श्रीपतीने आणि त्यानंतर भास्कराचार्यांनी या दुरुस्तीस स्वतंत्र स्थान दिले. तिचे नाव उदयांतर. सूर्याची स्वतःची गती कमीजास्त होते त्यामुळे येणारे भुजांतर निराळे. दोन कारणे वेगळी ओळखून त्यांना दोन नावे देणे ही मला सूत्राहून मोठी गोष्ट वाटते.

हे सारे इंग्रजी वाचकांपुढे ठेवणारा माणूसही काशीतला मराठीच होता. बापूदेव शास्त्री (मूळचे नृसिंह परांजपे) १८२१ साली पुण्यात जन्मले. नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकले. तेथे सीहोरचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या दृष्टीस पडले आणि १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. १८६१ मध्ये त्यांचा सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास विल्किन्सनने केलेल्या भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाच्या भाषांतरावरही त्यांनी शेवटचा हात फिरवला. १८६६ मध्ये त्यांनी मानमंदिरातील वेधशाळेवर एक छोटे पुस्तक लिहिले. नॉटिकल अल्मनाकच्या आधारे पंचांग करावे असे म्हणून त्यांनी शास्त्रीमंडळींचा रोषही ओढवून घेतला.

मानमंदिर पंचगंगेहून नदीकाठाने दक्षिणेस. वाटेत बालाजी घाट, भोसले घाट, शिंदे घाट. जवळच रत्नेश्वराचे कललेले देऊळ, ज्याकडे पाहताना माझ्यासारखीच्या मनात आधी कोन येतो आणि मग देव. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात मानमंदिराच्या गच्चीवर बसवलेल्या सम्राटयंत्राची भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे आणि सावली पडते ती कमान विषुववृत्ताला समांतर. त्यामुळे तेथे सावली तासाला बरोबर १५ अंश चालते. सावलीची तबकडी जमिनीला समांतर ठेवली की ही सोय गेली. काशीच्या अक्षांशावर (सुमारे २५.३) आडव्या तबकडीवर दुपारी बारा ते एक या तासात सावली साडेसहा अंश सरकते, आणि सायंकाळी पाच ते सहा या तासात बत्तीस. पुन्हा तेच सूत्र, फक्त आता दोन प्रतलांमधला कोन २४ नसून ६४.७. (पंचगंगेवर आलमगीर मशिदीचे उंच मिनार होते तेव्हा त्यांच्या सावलीवरून वेळ सांगणारे असतीलच, पण सरळ उभ्या मिनाराची सावली ऋतूप्रमाणेही बदलते, म्हणून ते घड्याळ कच्चे. ते मिनार टाकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने दुरुस्त करवले होते. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा तोच. आज ते उंच मिनार नाहीत.)

आता लंडन. रॉबर्ट हूक हा रॉयल सोसायटीचा प्रयोगांचा क्युरेटर. दर आठवड्याला सभासदांपुढे काहीतरी नवे चालवून दाखवणे ही त्याची नोकरी. त्याला कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही कलाच्या तबकडीवर सूर्यघड्याळाच्या रेषा आखण्याचे यंत्र हवे होते. त्याने दोन दांडे घेतले. दोघांच्या टोकांना काटेचमचे अडकवावेत तसे दुबेळके बसवले आणि मध्ये एक अधिकचिन्हाच्या आकाराचा तुकडा ठेवला. एक दांडा ध्रुवाकडे रोखायचा, दुसरा तबकडीला लंब. पहिला दांडा समान गतीने फिरवला की दुसरा आपोआप सावलीच्या असमान गतीने फिरतो. १६७६ च्या ‘हेलिओस्कोप्स’ या पुस्तिकेत त्याने या सांध्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हटले. आमच्या गॅरेजमधला यू-जॉइंट तो हाच, आणि मधला तुकडा तो ‘क्रॉस’.

म्हणजे आजच्या प्रत्येक ट्रकखाली फिरणारा हा सांधा सूर्यघड्याळाच्या गणितातून समजला गेला. सांध्याची मूळ कल्पना हूकची नव्हे. एकात एक फिरणाऱ्या कड्यांची दौत ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात फिलोने वर्णिली आहे. कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे नाव युरोपात या सांध्याला चिकटले, पण त्याने वर्णन केले ते टांगत्या चौकटीचे. १६६४ मध्ये गास्पार शॉट या जेझुइटाने दांडे जोडणारा सांधा पुस्तकात दाखवला, त्यास विरोधाभास म्हटले, आणि तेथेच चूक केली : दोन्ही दांडे समान गतीने फिरतात असे त्याने मानले. डोळ्यांना तसेच दिसते. एक फेरी दिली की एक फेरी मिळते; मधली चोरी कळत नाही. हूकचे श्रेय हे की त्याने ती चोरी मोजली, तिचा उपयोग केला, आणि ती नको असेल तेव्हा काय करावे हेही पुढे सांगितले : मध्ये एक दांडा घालून दोन्ही टोकांना एकेक सांधा बसवावा, म्हणजे पहिल्याने जे मागे-पुढे केले ते दुसरा नेमके उलटवील.

येथे मला एक खुलासा करावा लागेल, कारण या लेखाचे अर्धेच चित्र काढून कोणी ‘सूर्यसिद्धान्तात यू-जॉइंट’ असे फिरवील, ही भीती मला खरोखर वाटते. सूर्यसिद्धान्तात यू-जॉइंट नाही. २४ अंशांनी वाकवलेल्या यू-जॉइंटचे कोष्टक आहे, आणि ही विलक्षण गोष्ट आहे. पण कोष्टक म्हणजे यंत्र नव्हे. आपल्याकडे यांत्रिक कौशल्य नव्हते म्हणावे तर तेही खोटे. कापसातून सरकी काढणाऱ्या चरकीत पेचदार दात्यांचे दोन रूळ एकमेकांना उलट फिरवत होते. रहाटावर बैलाच्या आडव्या फेरीची उभी फेरी होत होती. पण ती कामे ठरलेल्या कोनांची. कोन बदलत राहील आणि तरी फेरी पोचली पाहिजे, ही गरजच कोणाला पडली नाही. शिवाय लंकोदय पाठ असणारा जोशी आणि चरकी करणारा सुतार यांची गाठ पडण्याची जागा गावात नव्हती. हूकला ती रोज पडत होती. थॉमस टॉम्पियनसारखा घड्याळजी त्याच्या हाताशी होता. माझ्या मते फरक बुद्धीचा नव्हता, त्या गाठीचा होता. आणि हूकबद्दलही जपून बोलावे : त्याच्या सांध्याने रेषा आखल्या, ओझे ओढले नाही.

ओझे ओढण्यास आणखी दोन शतके लागली. रॉबर्ट विलिसने १८४१ मध्ये आणि फ्रान्सच्या पोंसलेनेही गतीचे गणित नव्याने मांडले. १८९८ मध्ये लुई रेनोने आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी शाफ्ट घातला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरन्स स्पायसरने तेलाने न्हालेला, धुळीपासून झाकलेला सांधा तयार करून १९०३ मध्ये पेटंट घेतले आणि १९०४ पासून तो विकायला काढला. साखळ्या तुटण्याच्या जमान्यात ही मोठी सुटका होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या ट्रान्सफर केसवर आणि आसांवर स्पायसरचेच नाव आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी त्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली, आणि हूकचा सांधा आपल्या घाटरस्त्यांवर चढू लागला.

आता मित्राची जीप. गाडीच्या पोटातली ट्रान्सफर केस वर, मागच्या आसाचे डिफरेन्शियल खाली. मध्ये तिरपा प्रोपेलर शाफ्ट, दोन्ही टोकांना क्रॉस. सांध्याच्या कोनाची कोज्या ‘क’ मानली तर फेरीच्या आत शाफ्टची गती ‘क’ पट ते ‘एक भागिले क’ पट यांमध्ये हेलकावते, प्रत्येक फेरीत दोनदा. मेषेचे संथ चालणे आणि मिथुनाचे धावणे ते हेच. कोन लहान असता हा हेलकावा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शाफ्ट ७० सेंटिमीटरचा आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक १२ सेंटिमीटर असेल तर कोन दहा अंशांच्या जवळ. गाडी १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, उचलली की तो अठरा. कोन दुपटीच्या आत, पण थरथरीचे कारण जवळजवळ साडेतीनपट. लांब गाडीत तेवढीच उंची निभावते, आखूड जीपमध्ये नाही, याचे मर्म एवढेच.

हूकची दोन सांध्यांची युक्ती येथे आहेच. ट्रान्सफर केसचा दांडा आणि डिफरेन्शियलचे नाक एकमेकांना समांतर असतील तर वरचा कोन आणि खालचा कोन समान, आणि चाकांकडे जाणारी गती शुद्ध. पण विद्यार्थ्यांच्या हातून एक गोष्ट नेहमी सुटते : शुद्ध होते ती शेवटची गती. मधला शाफ्ट हेलकावतच राहतो, आणि त्याला वजन आहे. अठरा अंशांवर तो फेरीत दोनदा पाच टक्के मंदावतो आणि पाच टक्के धावतो. तो आघात क्रॉसच्या सुयांना आणि गाडीच्या सांगाड्याला सोसावा लागतो.

मित्राला मी फोनमधला कंपनमापक चालू करून गिअरबॉक्सशेजारी ठेवायला सांगितला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, त्याच्या टायरचा घेर २.३ मीटर, म्हणून चाकाच्या सहा फेऱ्या. आसातले दाते चारास एक, म्हणून शाफ्टच्या चोवीस. शाफ्ट वाकडा किंवा असंतुलित असेल तर थरथर सेकंदाला २४ वेळा होईल. सांध्याचा दोष असेल तर ४८ वेळा. आलेखात २४ वर किरकोळ उंचवटा होता आणि ४८ वर सुळका. शाफ्ट दोनदा लेथवर चढवण्याचा खर्च ज्या प्रश्नावर झाला तो प्रश्नच नव्हता.

मग कोन मोजले. वरचा अठरा, खालचा बारा. उंची वाढवताना कोणीतरी मागच्या पाट्यांखाली सहा अंशांची पाचर घालून डिफरेन्शियलचे नाक वर उचलले होते. खालचा क्रॉस कमी वाकतो म्हणून तो टिकेल, असा विचार असणार. विचार चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या जातीच्या शाफ्टसाठी बरोबर आहे. साध्या शाफ्टमध्ये दोन कोन असमान झाले की हूकची वजाबाकी अपुरी राहते. एका प्रतलातल्या दोन सांध्यांत वजाबाकी वर्गांची होते : १८ चा वर्ग ३२४, १२ चा १४४, फरक १८०, त्याचे मूळ १३.४. म्हणजे या गाडीच्या आसाला, मूळ कारखान्यातून आली तेव्हा शून्याच्या जवळ असलेला दोष, आता १३.४ अंशांच्या एकट्या सांध्याएवढा भोगावा लागत होता.

उपाय दोन. पाचर काढून नाक पुन्हा समांतर करायचे. त्याने चाकांकडची गती सुधारते, मधल्या शाफ्टचा हेलकावा तसाच राहतो. किंवा वरच्या टोकाला जोडसांधा घ्यायचा : दोन क्रॉस पाठीला पाठ लावून, मध्ये केंद्र धरून ठेवणारी गोळी. अठरा अंश दोघांत नऊ-नऊ वाटले जातात, चोरी आणि परतफेड बोटभर अंतरात उरकते, आणि शाफ्ट स्वतः समान गतीने फिरतो. मात्र मग खालच्या सांध्याने काही मिसळता कामा नये. डिफरेन्शियलचे नाक थेट शाफ्टच्या रेषेत आणावे लागते. ते एखाद-दोन अंश कमीच ठेवतात, कारण जोर लागला की पाट्यांवरचा आस मुरडतो आणि नाक आपण होऊन उचलले जाते. नाक फार वर गेले की पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचते, तेही पाहावे लागते. मित्राने दुसरा मार्ग घेतला. शाफ्ट जाड नळीचा आणि वरखाली सरकणारा दातेरी भाग लांब असा करवून घेतला, कारण चाक खड्ड्यात लोंबले की शाफ्टला लांबीही कमी पडते.

काकांना हे सर्व मी पळांच्या भाषेत समजावले. नऊ अंश कलाच्या आकाशात मेष किती पळांत उगवेल, असे त्यांनी विचारले. मी हिशेब करून सांगितले : २९७ च्या आत-बाहेर. “मग तिथे पंचांग हवंच कशाला?” म्हणून ते दिवे लावायला घाटावर गेले.

गेल्या महिन्यात मित्राने नव्या शाफ्टचा आलेख पाठवला. ४८ वरचा सुळका बसला आहे. २४ वर मात्र एक नवा, ठळक उंचवटा आला आहे. जोडसांध्याचे वजन जास्त, आणि या वेळी शाफ्ट लेथवर चढवायचा राहून गेला.